जिवाणूंचे रोग आणि फवाऱ्यावरील भरवसा

मृगाचा पाऊस पडून पऱ्हाटी चार-सहा पानांवर आली व लिंबाच्या झाडांस नवती फुटू लागली, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक बाजाराच्या गावी औषधांच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. कास्तकार पिशवीत दोन डागाळलेली पाने घालून आणतो, दुकानदार ती उलटून पाहतो, आणि मागच्या फळीवरून दोन पुड्या व एक बाटली काढून देतो. पानावरील डाग किडीचा, बुरशीचा की जिवाणूचा, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर 'तिन्हींवर चालते' असे उत्तर मिळते. ह्या उत्तराविषयीच आज काही लिहावे असे आम्ही योजिले आहे. तिन्हींवर चालणारे औषध नाही. आणि तिसऱ्यावर, म्हणजे जिवाणूवर, रोग एकदा झाडाच्या अंगात शिरल्यानंतर तो समूळ बरा करील असे औषध आजमितीस शेतकऱ्याच्या हाती नाही. असे असता आपला सर्व पैसा व सर्व भरवसा फवाऱ्यावरच का, असा आमचा प्रश्न आहे.

जिवाणू म्हणजे काय हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दुधाचे दही करणारा तो जिवाणू, आणि तुरीच्या मुळ्यांवर गाठी धरून हवेतील नत्र पिकास देणारा तोही जिवाणूच. तेव्हा सगळी जात वाईट असे मुळीच नाही. परंतु जिवाणूंपासून झाडासही रोग होतो ही गोष्ट विद्वानांस पटावयास बराच काळ लागला. अमेरिकेतील इलिनॉय येथे टॉमस बरिल नावाच्या अध्यापकाने १८७८ ते १८८० च्या सुमारास नासपतीच्या रोगी सालीतील रस निरोगी फांदीत टोचून तिला तोच रोग उत्पन्न करून दाखविला. तरी पुढे वीस वर्षेपर्यंत आल्फ्रेड फिशर ह्या जर्मन पंडितासारखे लोक, वनस्पतीच्या अंगात जिवाणूस शिरताच येत नाही, असे प्रतिपादन करीत होते. अर्विन स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो वाद मिटविला, व त्यानेच १९०१ मध्ये कपाशीच्या पानांवर कोनदार ठिपके पाडणाऱ्या जिवाणूस नाव दिले. आपल्या प्रांतात पुण्याच्या शेतकी कॉलेजातील प्रोफेसर एम. के. पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९४० नंतरच्या काळात ह्या रोगांचा पिच्छा पुरविला. आंबा, विड्याचे पान इत्यादिकांवरील जिवाणू त्यांनी ओळखून काढिले. म्हणजे ही विद्या परकी राहिलेली नाही. ती आपल्या धुऱ्यापर्यंत मात्र अद्याप पुरती पोचलेली नाही.

बुरशी व जिवाणू ह्यांत जो भेद आहे तो समजला म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप समजतात. बुरशीस तंतू असतात; पुष्कळ बुरश्या पानाची कातडी स्वतः भेदून आत जातात. जिवाणूस ते सामर्थ्य नाही. त्यास दार उघडे मिळावे लागते. ते दार म्हणजे पानाच्या श्वासाची सूक्ष्म छिद्रे, वादळाने पाने एकमेकांवर घासून झालेले ओरखडे, लिंबाचा स्वतःचाच काटा, पाने पोखरणाऱ्या अळीने केलेली वाट, आणि आपल्या हातातील चाकू व कात्री. त्याचे वाहन म्हणजे पाणी. पावसाचा थेंब रोगी पानावर आपटून उडाला म्हणजे त्याबरोबर हजारो जिवाणू शेजारच्या पानावर जातात. वारा जोराचा असला तर शेजारच्या बागेतही जातात. एकदा आत शिरला की तो पानाच्या पोटात बसून एकाचे दोन, दोहोंचे चार असा वाढतो. मोरचूद व चुन्याचे मिश्रण, किंवा तांब्याचे दुसरे कोणतेही औषध, पानाच्या पाठीवर बसते. पोटात जात नाही. तेव्हा तांब्याचे औषध हे दाराबाहेरचा पहारेकरी आहे. चोर घरात शिरल्यावर पहारा दुप्पट केला तरी त्यास धरता येत नाही, आणि पावसाची एक जोराची सर आली की पहारेकरीही वाहून जातो.

ओळखावयाचे कसे, असे कोणी विचारील. पूर्ण खात्री प्रयोगशाळेतच होते. तथापि कास्तकारास घरी करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, पान उजेडापुढे धरावे. जिवाणूचा नवा डाग पाण्याने भिजल्यासारखा, तेलकट व अर्धपारदर्शक दिसतो. कपाशीत तो शिरांच्या मध्ये अडून कोनदार होतो. आणि त्यावर बुरशीची भुकटी किंवा लव नसते. दुसरी गोष्ट वांगी, टोमॅटो ह्यांच्या मर रोगाविषयी. उभे झाड हिरवे असतानाच कोमेजले, तर बुडाजवळचे खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगता धरावा. थोड्याच वेळात कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढुरका धागा खाली उतरू लागला, तर ती मर जिवाणूची समजावी. बुरशीच्या मरीत असा धागा निघत नाही. ह्या परीक्षेस एक पेला पाणी लागते, व तिने बुरशीनाशकाचा पुष्कळ व्यर्थ खर्च वाचतो, म्हणून ती प्रत्येक भाजीवाल्याने करून पाहावी.

आता आपल्या मुख्य पिकाकडे वळू. कपाशीवरील जिवाणूचा करपा हा पानावर कोनदार ठिपके, शिरांवर काळी रेघ, फांदीवर काळा पट्टा व बोंडावर खोलगट डाग अशा निरनिराळ्या रूपांनी येतो, म्हणून कित्येकांस ते चार रोग वाटतात. हिंदुस्थानात तो प्रथम १९१८ मध्ये मद्रास इलाख्यात आढळला. आपल्या पूर्वजांस त्याची फारशी भीती नव्हती, आणि ह्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. वऱ्हाडात पूर्वी जी देशी कपाशी पेरीत, तिच्या जाती बहुतेक ह्या रोगास दाद देत नाहीत. अमेरिकन जातीची लांब धाग्याची कपाशी मात्र त्यास लवकर बळी पडते. धागा लांब मिळाला, भाव चांगला आला, आणि त्याबरोबर हा पाहुणाही घरात आला. सुदान देशात गेझिराच्या कालव्याखाली १९३० च्या सुमारास ह्याच रोगाने कपाशीची मोठी नासाडी केली. तेव्हा तेथील नाइट नावाच्या शास्त्रज्ञाने फवारा हाती न घेता रोगास दाद न देणाऱ्या जातींचा गुण लांब धाग्याच्या जातीत संकराने उतरविण्याचे काम हाती घेतले, व त्यात त्यास यश आले. आपणांस ह्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, वाण निवडताना बोंडाचा आकार व दुकानातील चित्र एवढेच न पाहता, हा वाण करप्यास किती टिकतो, हा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या माणसांस विचारावा. ह्या रोगाचा जिवाणू सरकीच्या लवेवर व सरकीच्या आतही राहतो, आणि वावरात पडलेल्या पऱ्हाटीच्या कचऱ्यावरही तग धरतो. विकत मिळणारी सरकी तेजाबाने लव काढलेली असते, त्यामुळे बाहेरचा जिवाणू पुष्कळ कमी होतो. परंतु धुऱ्यावर उन्हाळाभर रचून ठेविलेला पऱ्हाटीचा ढीग हा आपणच राखलेला रोगाचा साठा होय. त्याच ढिगात गुलाबी बोंडअळीही वस्तीस राहते, तेव्हा तो हलविण्यास आणखी कारण शोधावयास नको.

कपाशी दरसाल नवी पेरता येते. फळझाडाची गोष्ट तशी नाही, आणि म्हणून आम्हांस फळबागांची काळजी अधिक वाटते. संत्र्याचे किंवा लिंबाचे झाड लावणारा मनुष्य पंधरा-वीस वर्षांचा करार करीत असतो, आणि त्या कराराचा पहिला कागद म्हणजे रोपवाटिकेतून आणलेले कलम किंवा रोप.

कागदी लिंबावरील खैऱ्या आमच्या सर्व बागाईतदारांस परिचित आहे. पानावर, काटकीवर व फळावर खरखरीत, तपकिरी, पिवळ्या कड्याचे फोड येतात. फळाच्या आतील रस बिघडत नाही, पण बाजारात त्यास कोणी हात लावीत नाही. नागपुरी संत्र्यास हा रोग लिंबाइतका होत नाही, हे आपले भाग्य. रोग जुना आहे. इंग्लंडात क्यू येथील वनस्पतिसंग्रहात १८२७ ते १८३१ च्या दरम्यान हिंदुस्थानात गोळा केलेली महाळुंगाची पाने आहेत. त्यांवर ह्याच रोगाचे डाग असल्याचे दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखविले. आमच्या घरचा हा रोग परदेशी गेल्यावर तेथील लोक त्याशी कसे वागले ते पाहण्यासारखे आहे. फ्लॉरिडा प्रांतात तो १९१० च्या सुमारास परदेशातून आलेल्या रोपांबरोबर शिरला. त्यांनी रोगी झाडे जाळून टाकली, आणि १९३३ साली रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये तो पुन्हा दिसला. ह्या खेपेस रोगी झाडाभोवती १९०० फुटांच्या आतील सर्व लिंबूवर्गीय झाडे, निरोगी असली तरी, तोडण्याचा नियम झाला, दीड कोटीहून अधिक झाडे तोडली गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २००४ व २००५ च्या वादळांनी रोग सर्वत्र पसरविल्यावर जानेवारी २००६ मध्ये ती मोहीम सोडून द्यावी लागली. एवढे श्रीमंत सरकार, एवढी कडक अंमलबजावणी, तरी वाऱ्यापुढे इलाज चालला नाही. आमच्याकडे असा नियम करावा असे आम्ही सुचवीत नाही. दोन एकरांच्या बागाईतदारास तो सोसणार नाही. पण रोग बागेत शिरू देणे व नंतर त्याशी लढणे ह्यांत खर्चाचे किती अंतर आहे, ते ह्या उदाहरणावरून कळावे.

संत्र्याचा खरा वैरी निराळा आहे. त्यास इंग्रजी नावावरून ग्रीनिंग म्हणतात; चिनी लोक त्यास पिवळ्या फांदीचा रोग म्हणतात. ह्याचा जिवाणू झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतच राहतो. झाडावर एखादी फांदी आधी पिवळी पडते. पानावर पिवळे-हिरवे डाग शिरेच्या दोहों बाजूंस सारखे न पडता वेडेवाकडे पडतात. फळ लहान, वाकडे राहते, बुडाशी हिरवेच राहते, आणि त्यातील बी पोचट निघते. पुष्कळ कास्तकार ही जस्ताची उणीव समजून झिंकची फवारणी करीत राहतात. भेद ओळखण्याची खूण अशी की, जस्ताच्या उणिवेत पानाच्या दोन्ही अर्धांवर पिवळेपणा बहुधा सारखा असतो, ह्या रोगात तो सारखा नसतो. रोग पसरतो दोनच वाटांनी: रोगी झाडाचा डोळा काढून कलम भरल्याने, आणि सायला नावाच्या बारीक किडीने. ही कीड नवतीवर डोके खाली व मागचा भाग वर करून बसते, तीवरून ती ओळखावी. आशियातील हा रोग २००५ मध्ये फ्लॉरिडात सापडला. तेथे २००३–०४ च्या हंगामात संत्र्यांच्या २४ कोटींवर पेट्या निघत असत. २०२३–२४ मध्ये त्या दोन कोटींच्या आत आल्या. ह्या घसरणीत वादळांचाही वाटा आहे; तरी मुख्य दोष ह्या जिवाणूकडेच जातो. जगातील उत्तम शाळा-कॉलेजे, विमानाने फवारणी, आणि पैशाचा पूर, इतके असून ही स्थिती.

नागपुरास १९८५ साली लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था निघाली. झाडाच्या शेंड्याचा डोळ्यास जेमतेम दिसणारा कोंब काढून, तो स्वच्छ खुंटावर बसवून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याची विद्या तेथे चालते. कारण वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकापर्यंत हे रोग बहुधा पोचलेले नसतात. आपल्या जिल्ह्यापासून ही संस्था एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. असे असता आमचे किती बंधू कलमे घेण्यापूर्वी तेथे चौकशी करितात? रस्त्याच्या कडेस गाडीवर ओल्या गोणपाटात बांधलेली कलमे दोन रुपये स्वस्त मिळतात म्हणून घेणारेच अधिक. त्या कलमाचा डोळा कोणत्या झाडाचा, खुंट जंबेरीचा की दुसऱ्या कशाचा, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. बैल घेताना दात मोजणारा, चारदा चालवून पाहणारा कास्तकार वीस वर्षांचे झाड न पाहता घेतो, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

ह्या बेफिकिरीचे फळ काय होते, ते डाळिंबवाल्यांनी पाहिले आहे. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूचाच रोग. तो आपल्या देशात १९५२ मध्येच नोंदला गेला होता, पण महाराष्ट्रात त्याचा कहर झाला तो २००२–०३ नंतर. सोलापूर, सांगली, नाशिक ह्या जिल्ह्यांत, ज्या माळरानावर कुसळ उगवत नव्हते तेथे डाळिंबाने पक्की घरे उभी केली होती. मागणी इतकी वाढली की, ज्या बागेत फांदी मिळेल तेथून गुट्या बांधून रोपे विकली गेली, आणि रोपाबरोबर तेल्या गावोगाव पोचला. फळावर तेलकट डाग पडून ते उकलते, व उकललेले फळ फेकून द्यावे लागते. अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. २००५ साली सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. जे शेतकरी ह्यातून तरले, त्यांच्या रीतीकडे पाहिले असता औषधाहून वेळापत्रकाचा वाटा अधिक दिसतो. मृग बहार धरला तर फळ ऐन पावसात वाढते व तेल्यास मेजवानी मिळते. हस्त बहार धरला तर फळ हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पोसते. बागेस तीन-चार महिने विश्रांती द्यावी, रोगट काटक्या डागाच्या खालून छाटून जाळाव्यात, पडलेली पाने-फळे वेचावीत, आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक द्रावणात बुडवावी. ह्यांत दुकानातून आणावयाचे फार थोडे आहे. आपल्या जिल्ह्यात दारव्हा, पुसदेकडे जे बंधू डाळिंब लावू पाहतात, त्यांनी सोलापूरकरांचा हा महाग धडा फुकट मिळत आहे तोवर घ्यावा.

कात्रीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिचा दोष कोणीच धरीत नाही. छाटणी करणारी टोळी सकाळी एका बागेत, दुपारी दुसऱ्या बागेत काम करिते. तिच्या पिशवीतील कात्र्यांची जबाबदारी कोणावर? मजुरावर नव्हे, त्यास कोणी सांगितलेलेच नसते. मालकाने बांधावर एक बादली द्रावण ठेवावे, दोन कात्र्या आळीपाळीने बुडत्या ठेवाव्यात, व आधी निरोगी झाडे छाटून रोगी झाडे शेवटी घ्यावीत. पाने ओली असताना बागेत शिरू नये. न्हाव्याच्या वस्तऱ्याविषयी आपण जेवढे जागरूक असतो तेवढे कात्रीविषयी असलो तरी पुरे.

आता त्या लहानशा पुडीविषयी, जी 'जिवाणूचे औषध' म्हणून मिळते. तीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन व एक भाग टेट्रासायक्लीन असते. पैकी स्ट्रेप्टोमायसीन हे अमेरिकेत १९४३ मध्ये सापडलेले क्षयरोगावरील औषध होय. त्याने माणसांचे लक्षावधी प्राण वाचविले. दहा लिटर पाण्यास एक ग्रॅम, व त्याबरोबर तांब्याचे औषध, असे प्रमाण पुस्तकांतून छापून येत असे. रोगाच्या अगदी आरंभी त्याने काही आळा बसतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेच औषध दर आठवड्यास, अंदाजाने चमचाभर, बागेत ओतीत राहिले म्हणजे जे जिवाणू त्यास पुरून उरतात त्यांचीच प्रजा मागे राहते, आणि पुढे औषध असून नसून सारखे होते. शिवाय जमिनीत, पाण्यात व मजुराच्या अंगावर हे औषध पडून माणसांच्या रोगजंतूंसही त्याची सवय लागण्याचे भय आहे. म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ह्या दोन औषधांचा शेतीतील वापर क्रमाक्रमाने बंद करण्याच्या आज्ञेचा मसुदा प्रसिद्ध केला. क्षयी मनुष्य प्रत्येक गावात आहे. त्याच्या औषधाची धार लिंबाच्या डागासाठी बोथट करणे आम्हांस तरी बरे वाटत नाही.

आणि फवाऱ्याविषयी यवतमाळच्या माणसाने लिहावयाचे तर २०१७ चा पावसाळा वगळून लिहिता येत नाही. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो इस्पितळात पडले, कित्येकांची दृष्टी अधू झाली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, अंगावर साधा सदरा, आणि टाकीत दोन-तीन औषधे एकत्र कालविलेली. ती औषधे किडींची होती, जिवाणूंची नव्हती, हे खरे. पण 'तिन्हींवर चालेल असे काहीतरी द्या' ही जी सवय, तिच्यातूनच टाकीत मिश्रणे होतात. रोग न ओळखता जी फवारणी होते, तीतील निम्मी तरी करावयाचीच नव्हती असे निघते. ज्या डागावर कीटकनाशकाचा काही उपयोग नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या मुलास पाठीवर पंप देऊन पऱ्हाटीत पाठविण्याचा आपणांस अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या ह्या बोलण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, शेजाऱ्याची बाग रोगी असता आपण एकट्याने स्वच्छता राखून काय होणार? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्याजवळ नाहीच. म्हणून तर आपली मंडळी आहे. ज्याप्रमाणे एका नाल्यावरचे सर्व कास्तकार मिळून बांध घालितात, त्याप्रमाणे एका शिवारातील लिंबू-संत्र्याच्या सर्व बागा एकाच आठवड्यात छाटल्या जाव्यात. दुसरा आक्षेप असा की, नोंदणीकृत रोपवाटिकेचे कलम महाग पडते व वेळेवर मिळत नाही. हेही खरे. परंतु पाच वर्षे खतपाणी घातल्यावर जे झाड पिवळे पडून जाते, त्याची किंमत कोणी मांडली आहे काय? कलमाची किंमत बागेच्या खर्चात मिठाइतकी आहे. तेवढ्यासाठी सगळा स्वयंपाक बिघडवावयाचा हा कोणता हिशेब?

कायद्याच्या बाजूने पाहता आपण निराधार नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिका व फळझाडांची विक्री ह्यांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे. त्याप्रमाणे रोपे विकणाऱ्यास परवाना लागतो, व कलमाचा खुंट आणि डोळा कोठला ह्याची नोंद त्याने ठेवावयाची असते. सरकारी कायदे कागदावर राहतात असे म्हणण्याची रीत आहे. आमची पुष्कळ वर्षे महसूल खात्याच्या कागदांतच गेली, आणि आम्ही अनुभवाने सांगतो की, जो कागद मागणारा कोणी नसतो तोच कागद निजून राहतो. कलमे घेताना परवान्याचा क्रमांक व मातृवृक्षाची नोंद लिहिलेली पावती मागा. शंभर जणांनी मागितली म्हणजे विकणारा ती छापून ठेवील.

त्याच कागदांविषयी आणखी एक तक्रार. पिकाचे नुकसान झाले म्हणजे पंचनामा होतो, व त्यात 'रोगामुळे' एवढा एक शब्द लिहून सही होते. कोणता रोग, किती झाडांवर, कलमे कोठून आणलेली, ह्यास रकाना नाही. फळपिकांचा हवामानावर आधारलेला विमा तर पाऊस व उष्णता ह्यांच्या आकड्यांवर ठरतो. झाडावर खैऱ्या आहे की ग्रीनिंग, हे त्यात पाहण्याचे कारणच नाही. नोंदच नसल्यामुळे रोग कोणत्या शिवारातून कोणत्या शिवारात गेला हे कोणास सांगता येत नाही, व ज्या रोपवाटिकेतून तो आला ती पुढच्या वर्षी पुन्हा दुकान मांडते. सरकार रकाना घालील तेव्हा घालील. तोपर्यंत आपल्या मंडळीनेच दर गावात एक वही ठेवावी: बागाईतदाराचे नाव, झाडांची जात व संख्या, कलमे कोठून व कोणत्या साली घेतली, कोणत्या महिन्यात कोणता डाग दिसला. लिहिता येणारा एक मनुष्य प्रत्येक गावात आहे, व सेवानिवृत्त कारकूनही पुष्कळ गावांत रिकामे आहेत.

दिवाळीनंतर बागाईतदार पुढच्या पावसाळ्याच्या कलमांचे बोलणे करू लागतात. त्यापूर्वी मंडळीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात अशी आमची सूचना आहे. सभासदांस लागणारी संत्रा, मोसंबी व लिंबाची सर्व कलमे-रोपे मंडळीने एकत्र मागणी करून, मातृवृक्षाची नोंद पाहून, परवानाधारक रोपवाटिकेतून आणावीत. आणि रोपवाटिकेत जाऊन पाहण्याकरिता दोन जाणत्या बागाईतदारांस मंडळीच्या खर्चाने पाठवावे. डागाळलेली पाने यवतमाळच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखविण्यासाठी आठवड्यातील एक वार नेमावा, व त्या दिवशी कोण जाणार ह्याची पाळी लावावी. तिसरी गोष्ट वहीची. वह्यांचा खर्च मंडळीस जड वाटल्यास पहिल्या पंचवीस वह्या आम्ही देऊ.